भिंतीवरचा ऑक्टोपस

शादलियाचा हात कापायला लागला तो हिवाळ्यात, चहा ओतताना. तिचा भाऊ तुहामी समोर बसला होता. चहा पेल्यात कमी आणि बशीत जास्त पडला. "लक्ष कुठंय तुझं?" असं म्हणून तो बशीतला चहा पिऊन मोकळा झाला. पुरुषांचं एक बरं असतं, त्यांना समोरचं दिसत नाही. शादलियानं मात्र किटली खाली ठेवून तो हात मांडीखाली दडवला. कारण तिच्याजवळ जे काही होतं ते त्या हातातच होतं.

करकनाच्या आमच्या बेटावर शादलिया कुणाला ठाऊक नाही? बाप होड्या रंगवायचा. त्याच्यामागे डबे धरत फिरणारी ही पोरगी होडीच्या नाकाडावर मासे काढायला लागली आणि बापाचे मासे लोकांना आवडेनासे झाले. लग्न जमलं, मोडलं, पुन्हा कुणी जमवायच्या भानगडीत पडलं नाही. मग गावात मुलांचं मंडळ निघालं आणि गुरुवारच्या चित्रांच्या वर्गाला हिला बसवलं. ती जी बसली ती आजतागायत. गावातल्या निम्म्या कोळ्यांना तिनं पेन्सिल धरायला शिकवलंय आणि निम्म्यांचे कान उपटलेत. त्या गुरुवारशिवाय तिला आठवड्याचे बाकीचे वार कशाला हवेत, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणाला, हे वयाचं आहे, जिवाला धोका नाही. जिवाचं कुणी विचारलं होतं त्याला?

तर तिनं युक्ती काढली. घरी दार लावून सगळे प्राणी काढून पाहिले. माशाची पाठ वाकडी आली. खेकड्याच्या नांग्या फाटक्या आल्या. कासव तर बघवेना. ऑक्टोपस मात्र साधला. डोकं म्हणजे उपडं मडकं, ते जरा चेपलेलं असलं तरी चालतं. आणि हात तर हवेच असतात नागमोडी. त्यात थोडी थरथर मिसळली तर कोण विचारतंय? शादलिया त्या कागदाकडे बघून एकटीच हसली. मग थोडं रडलीसुद्धा.

तेव्हापासून वर्गात फक्त ऑक्टोपस. पहिल्या दिवशी पोरांनी काढले ते सगळे दोरीवर वाळत घातलेले. त्यांचा तरी काय दोष, घरोघरी अंगणात तेच लटकलेलं बघत वाढलेली पोरं.

"दोरी खोडा," शादलिया म्हणाली. "हा अजून जिवंत आहे. याला डोळे हवेत. एक मोठा काढा, एक बारका. म्हणजे तो लबाड दिसतो."

"आणि तोंड?" दुर्साफनं विचारलं. ही तुहामीच्या शेजारघरची, दात पडलेली, प्रश्न संपत नाहीत अशी.

"तोंड खाली असतं, पण आपण वर काढायचं. नाहीतर तो हसणार कसा? आता हात. आधी दोन्ही कडांचे काढा, मग मधले. नाहीतर सहाव्यालाच जागा संपते आणि तुम्ही म्हणता, मावशी, माझ्याचे दोन कुणीतरी खाल्ले."

पोरं खिदळली. पण पुढच्या गुरुवारी ऑक्टोपस, त्याच्या पुढच्याही गुरुवारी ऑक्टोपसच. टोपी घातलेला ऑक्टोपस, चहा पिणारा ऑक्टोपस, आठ चपला शोधणारा ऑक्टोपस. "मावशी, देवमासा कधी?" असं कुणी विचारलं की शादलिया डोळे वटारायची. "आधी हा नीट येऊ दे." पोरं गप्प बसायची. तिचा धाकच तसा होता. आणि पोरं अशी गप्प बसली की शादलियाला स्वतःचीच लाज वाटायची, पण करणार काय? हात कापतो असं एकदा कळलं की मंडळवाले गोड बोलतील, शाल घालतील आणि घरी बसवतील.

असा उन्हाळा सरला आणि ऑक्टोपसचा हंगाम तोंडावर आला. ऑक्टोपस पकडायची मडकी समुद्रात सोडण्याच्या आदल्या दिवशी मंडळाची बाहेरची भिंत रंगवायची, ही आमची रीत. होड्यांचा उरलेला निळा रंग येतो, बायका जवाची भाकर आणि चहा आणतात, आणि पहिलं चित्र शादलियाचं. तेही एका रेघेत, कुंचला न उचलता. ते बघायला अख्खा धक्का लोटतो. त्यानंतर उरलेली भिंत पोरांची.

यंदा तिनं पाठ दुखते म्हणून बघितलं. तुहामी घरी येऊन उभा राहिला. "पाठ दुखते तर बसून काढ. पण काढ. लोक हसतील मला."

"तुला का हसतील, दादा?"

"माझी बहीण म्हणून."

गेली बिचारी. अंगावर जाडी शाल, हात शालीत. भिंतीपुढे उभी राहिली. कुंचला बुडवला, दम धरला आणि काढला ऑक्टोपस. डोकं, मोठा डोळा, बारका डोळा, आणि मग एकेक हात, थरथरत, वळत, भिंतीभर. रेघ तुटली नाही. लोक वाहवा म्हणाले. शादलियाचा जीव भांड्यात पडला.

पण कोळीच ते. चित्र बघून नुसते घरी जातील तर शप्पथ. म्हातारा लझहर पुढे झाला. हा तुहामीचा होडीतला भागीदार आणि भांडणातलाही.

"काढलाय झकास," तो म्हणाला, "पण हा पाण्याबाहेरचा आहे. आत्ता मडक्यातून ओढलाय. बघ ना, हात कसे थरथरतायत."

"बाहेरचा असता तर असा ऐटीत उभा राहिला असता होय?" तुहामी म्हणाला. "पाण्यातलाच आहे तो. ओहोटीचं पाणी ओढतंय त्याला, म्हणून थरथर. तू कधी ओहोटी बघितली असशील तर कळेल."

"मी ओहोटी बघत होतो तेव्हा तू लंगोटात होतास."

"तेव्हाही तुझी मडकी रिकामीच यायची."

झालं. दोन तट पडले. कुणी म्हणे हवेतला, कुणी म्हणे पाण्यातला. थरथर काढणाऱ्या हाताचीच असू शकेल हा विचार एकाच्या डोक्यात येईल तर ना. शादलिया शालीआड उभी राहून ऐकत होती. हसावं की पळावं तिला कळेना. "पोरांनो, तुम्ही घ्या आता कुंचले," ती घाईनं म्हणाली.

पोरं भिंतीला भिडली. बघता बघता मोठ्या ऑक्टोपसच्या भोवती लहान ऑक्टोपस झाले, आणि जवळजवळ प्रत्येकाचे हात तसेच थरथरणारे. लझहरला तर चेवच आला. "बघा, हिची पोरंसुद्धा बाहेर ओढलेलेच काढतात. एकाला तरी धड हात आहे का?"

दुर्साफ कुंचला घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, ती थरथर मुद्दाम काढलीय. तीच सगळ्यात अवघड असते. मावशी बारीक बारीक काढते, तशी यावी लागते. मी किती दिवस घरी करत होते. मुहरिजला अजून जमत नाही, त्याचे हात गुळगुळीतच येतात."

मुहरिज म्हणून जो पोरगा होता त्यानं मान खाली घातली. त्याचा ऑक्टोपस खरंच सुरेख, सुबक वळणांचा होता, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

शादलियानं दुर्साफकडे बघितलं, मग मुहरिजकडे. आपण लपवत होतो ते हे एवढंसं पोर घरी बसून घोटत होतं. आणि ज्याला नीट येतं तो मान खाली घालतोय.

"भांडण कशाला," लझहर म्हणाला. "शादलिया, त्याच्या डोक्यावरून पाण्याची एक सरळ रेघ मार, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो पाण्यातला. मी हरलो. तुला काय, एका दमाचं काम."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तुहामी तर छाती काढून बघत होता. कुंचला तिच्या हातात होता आणि हात शालीत होता. रात्री सुचलेली सगळी निमित्तं तिच्या मनात येऊन गेली. पाठ, डोळ्यांत गेलेलं ऊन, संपलेला रंग. मग तिनं मुहरिजच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं आणि शाल खांद्यावरून काढून ठेवली.

"मला नाही येणार," ती म्हणाली. "हात कापतो माझा. हिवाळ्यापासून. ती थरथर मी शिकवली नव्हती, पोरांनो, ती आजारातली आहे. मुहरिजचा ऑक्टोपस बरोबर आहे. तुम्ही सगळ्यांनी त्याच्याकडून शिका."

हात सगळ्यांसमोर होता आणि कुंचल्यातून निळे थेंब तिच्या चपलेवर पडत होते. लझहरनं नजर वळवली. तुहामीचा चेहरा उतरला. त्याला आत्ता तो बशीतला चहा आठवला असावा. मंडळाचा कारभारी घसा खाकरू लागला, म्हणजे आता गोड बोलणं सुरू होणार हे शादलियाला कळलं.

दुर्साफ मध्येच वैतागून म्हणाली, "मग सरळ रेघ आम्हाला कुणी शिकवायची?"

ती दयेनं बोलली नव्हती. इतके दिवस फुकट घालवल्याचा राग होता तिच्या आवाजात. शादलियानं तिच्याकडे नीट बघितलं. असा राग कुणाला शाल घालून घरी पाठवत नाही.

"मीच," शादलिया म्हणाली. "घे कुंचला. मनगट नाही हलवायचं, खांद्यातून ओढायची. कुंचल्याकडे बघू नकोस, जिथं पोचायचंय तिथं बघ. आणि चालत राहा."

"कुठं बघू?"

शादलियानं भिंतीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बोट रोखलं. दुर्साफनं दम घेतला, कुंचला टेकवला आणि थांबली.

"मावशी, नक्की कुठं? तुझं बोट वरखाली होतंय."

"मग त्याच्या मधोमध ये," शादलिया म्हणाली.