म्हशीच्या नावावरचं घर

कफ्र जुम्मेझातल्या प्रत्येक माणसाच्या पोटात सकाळी सातपर्यंत शहातानं भट्टीत भाजलेली एक तरी रोटी गेलेली असायची, आणि त्याच गावात शहाताला पाठ टेकायला जागा नव्हती. असं म्हटलं की गावकरी रागावतात. जागा नाही कशी, म्हणतात, मान वर करून बघा. आणि मान वर केली तर खरंच घरंच घरं दिसतात. चार-चार, पाच-पाच मजल्यांची, लाल विटांची, गिलावा न केलेली. आखातात राबून आलेल्या बापांनी प्रत्येक मुलासाठी एक मजला चढवून ठेवलेला. तिसरा मजला ज्या नवरदेवासाठी बांधला त्याचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, आणि चौथ्या मजल्याचा धनी अजून आईच्या कडेवर आहे. तोवर कुलपं. आत कबुतरं राहतात, कबुतरांकडे भाडं मागत नाहीत.

भाड्यानं द्यायचंच झालं तर हमरस्त्यावरच्या नव्या कारखान्यातल्या बाहेरगावच्या साहेब लोकांना देत. त्या भाड्यापोटी शहातानं महिन्याचा अख्खा पगार दिला असता तर त्याच्या वाट्याला फार तर स्वयंपाकघर आलं असतं, तेही खिडकी सोडून.

शहाता या शब्दाचा अर्थ भिकारी. त्याच्या आधीची तीन मुलं दगावली, तेव्हा आईनं मुद्दाम हे नाव ठेवलं, म्हणजे मृत्यूला वाटावं, जाऊ दे, यात काय घ्यायचंय. मृत्यूनं ते मनावर घेतलं. पुढे घरमालकांनीही घेतलं.

माणूस स्वभावानं भित्रा. भट्टीच्या तोंडाशी उघडा हात घालायला तो कधी कचरला नाही, पण शिक्क्याचा कागद दिसला की त्याचे गुडघे आपापसांत बोलायला लागायचे. त्याची बायको इन्शिराह हिला भीती हा प्रकारच ठाऊक नव्हता, त्यामुळे घरातली सगळी भीती एकट्या शहातानं सांभाळायची असा संसार होता. दोन मुली, विदाद आठ वर्षांची आणि राविया पाच.

आठ वर्षं हे कुटुंब घरमालक हाज मितवल्लीच्या जिन्याखालच्या खोलीत राहिलं. एका शुक्रवारी हाज मितवल्ली स्वतः आला, शहाताच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाला की खोली लागणार आहे. नातीच्या रुखवतासाठी. कपडे धुण्याचं यंत्र आलंय, दोन फ्रीज आलेत, काचेच्या पेल्यांची आठ खोकी आहेत, कुठं ठेवणार? नात दुसरीत होती. शहातानं तिला कालच भट्टीपाशी पेन्सिल हरवली म्हणून रडताना पाहिलं होतं. पण तो म्हणाला, “खरंच की, यंत्राला ओल लागता कामा नये.” हे वाक्य इन्शिराहनं त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

मग शहाताच्या आईकडून आलेला जमिनीचा तुकडा आठवला. कालव्याच्या काठी, अर्धा किरात, म्हणजे चार खाटा आणि एक लिंबाचं झाड मावेल इतका. पण ती पडली शेतजमीन. शेतजमिनीवर घर बांधायला बंदी. गुरांच्या गोठ्याला मात्र परवाना मिळायचा. शेतकी कचेरीतल्या कारकुनानं अर्जावर ‘एक म्हैस, सध्या नाही, येणार आहे’ असं लिहून दिलं आणि शहाताकडे पाहून एक डोळा मिटला. त्या मिटलेल्या डोळ्यानं शहाताला आठवडाभर झोप नाही.

खोली उभी राहिली. शहाताचं म्हणणं, गोठ्यासारखी दिसू दे. इन्शिराहचं म्हणणं, आठ वर्षं जिन्याखाली काढली, आता मी म्हशीसारखी राहणार नाही. तिनं तंता शहरातून कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या उरलेल्या नक्षीदार फरश्या मिळवल्या, भिंतींना गुलाबी रंग दिला, आणि छताला प्लास्टिकच्या लोलकांचं झुंबर टांगलं. बाहेरून गोठा, आतून लग्नाचा मांडव.

आता शहाताचे खरे हाल सुरू झाले. कुणीतरी त्याला सांगितलं की सरकार आकाशातून फोटो काढतं, आणि जिथं काल शेत होतं तिथं आज छप्पर दिसलं की लाल खूण करतं. शहातानं इन्शिराहला धुणं बाहेर वाळत घालायला बंदी केली. म्हैस फ्रॉक घालत नाही, तो म्हणाला. इन्शिराह म्हणाली, “तुझे कपडे वाळत घालते बाहेर. वरून बघणाऱ्याला काही फरक कळायचा नाही.” मुलींना त्यानं शिकवून ठेवलं की अनोळखी माणूस दाराशी आला तर बोलायचं नाही, रेकायचं. धाकटी राविया इतकं हुबेहूब रेकायला लागली की शेजारच्या बरसीम गवताच्या शेतात चरणारा रेडा दोनदा दाव्यासकट इकडे निघून आला.

हसू येतं, पण त्याच महिन्यात पलीकडच्या वाडीत सुलेमान गवंड्याचं शेतातलं घर सरकारनं पाडलं. शहाता बघायला गेला नाही. त्याला भट्टीपाशी उभ्याउभ्या फक्त बुलडोझरचा घरघराट ऐकू आला, मग भिंत बसल्याचा आवाज, मग एका बाईचा. त्या सकाळी रोट्या करपल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकांनी काळ्या रोट्या तशाच घेतल्या.

आणि मग कारकुनाचा निरोप आला. मंगळवारी दहा वाजता इंजिनियर रिफअत येणार, गोठे तपासणार, गुरं मोजणार. ज्या गोठ्यात जनावर नाही तो गोठा नाही, आणि जो गोठा नाही तो बुधवारी नाही.

शहातानं दाराला आतून कडी लावली. इन्शिराह मात्र सरळ उठली आणि कालव्यापलीकडे हाग्गा नफूसाकडे गेली. ही हाग्गा म्हणजे सत्तरीची विधवा, हजला एकदा आणि भांडायला रोज जाणारी. तिच्याकडे एक म्हैस होती, तिचं नाव हानम, म्हणजे बाईसाहेब. शहाता तुटक्या रोट्या गेली कित्येक वर्षं हाग्गाकडे पोचवायचा, त्या म्हशीच्या पोटात जायच्या. तेव्हा हाग्गानं फार आढेवेढे घेतले नाहीत. फक्त म्हणाली, बाईसाहेबांना कुणी मोठ्यानं बोललेलं खपत नाही. इन्शिराह म्हणाली, मग काळजी नको, आमच्याकडे मोठ्यानं बोलणारी मी एकटीच, मी बाहेर थांबते.

मंगळवारी सकाळी पलंग सुटा करून कालव्याच्या काठी मक्याच्या ताटांखाली दडवला. झुंबराला गोणपाट गुंडाळलं. फरश्यांवर भुसा पसरला. कपाट काही हलेना, त्याला घोंगडी पांघरली. मुलींना शाळेत धाडलं. मग हानम आली, आणि दारात अडली.

दार इन्शिराहच्या मापानं केलेलं होतं. म्हशीचं डोकं आत गेलं, मान गेली, आणि पोटाशी सगळं थांबलं. इन्शिराह आतून रोटी दाखवत ओढत होती, शहाता मागून रेटत होता. आजवर त्यानं भट्टीत रोट्याच ढकललेल्या, त्याही फुगायच्या आधी. पावणेदहाला म्हैस एकदाची बुचासारखी आत गेली, चौकटीचा एक पोपडा बरोबर घेऊन. गुलाबी भिंतीकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मग निवांत शेण टाकलं. शहाताला इतका आनंद मुली झाल्या तेव्हाच झाला होता.

इंजिनियर रिफअत हा बारीक अंगाचा, धुळीनं बूट पांढरे झालेला माणूस. काखेत फाईल. पहाटेपासून नऊ गोठे बघून झालेले. तो आत आला, भुशावर उभा राहिला, आणि बुटाच्या टोकानं भुसा जरा बाजूला केला. खाली निळी नक्षी दिसली. त्यानं भुसा पुन्हा सारखा केला.

“गुलाबी रंग?” त्यानं विचारलं.

“माश्या बसत नाहीत, साहेब,” शहाता म्हणाला.

“आणि घोंगडीखाली?”

“चारा.”

घोंगडीच्या कडेतून कपाटाची पितळी मूठ डोकावत होती. साहेबानं ती पाहिली, शहातानं साहेबाला ती पाहताना पाहिलं. सुलेमानची भिंत बसली तेव्हाचा आवाज कानात सुरू झाला.

साहेबानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातावरून शहाताला कळून चुकलं की हा माणूस शहरातला नाही. तो शेतकऱ्याच्या घरात वाढलेला हात होता. साहेब म्हणाला, “सकाळपासून काळा चहा पिऊन घसा सुकला. पेलाभर दूध काढा. माझ्यासमोर.”

म्हैस ही बँकेच्या तिजोरीसारखी असते, ज्याचा हात तिला ठाऊक त्यालाच देते. हे कालव्याकाठचं शेंबडं पोरही सांगेल. शहाता खाली बसला. जन्मात त्यानं सड धरला नव्हता. त्यानं कणकेचा गोळा तोडावा तसा हात लावला. हानमनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, शेपटी एकदा त्याच्या तोंडावरून फिरवली, आणि पुढं काहीच दिलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. शहाता ओढत राहिला. घाम नाकावरून रिकाम्या पेल्यात पडला, तेवढाच काय तो आवाज. थांबावं तर खोटं उघडं पडणार, म्हणून तो थांबेना.

इन्शिराह दारात आली. तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण बाहेर थांबणं तिला कधीच जमलेलं नाही.

“उठ, शहाता,” ती म्हणाली. “तिला दुखतंय.” मग साहेबाकडे वळून ती हळू आवाजात बोलली, बाईसाहेबांचा मान राखून. “म्हैस आमची नाही, साहेब. तिला तिचं घर आहे, तिथं तिला पंखासुद्धा आहे. इथं आम्ही राहतो. या गावात माझ्या नजरेसमोर एकवीस मजले कुलपात आहेत, मी मोजलेत. एकही आमच्यासाठी उघडत नाही. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, पण पाडायचं असेल तर मुली शाळेत असताना पाडा.”

शहातानं डोळे मिटून घेतले. आता फाईल उघडल्याचा आवाज येईल, मग पेनचा, मग उद्याचा.

साहेब म्हणाला, “बाई, नवरा तुमचा शहाणा आहे. तोंड मिटून बसला होता.”

“त्याला भीती वाटते.”

“मलाही वाटते. माझ्यावरही कुणीतरी आहे, त्याच्यावर आणखी कुणीतरी, आणि सगळ्यांच्या वर तो फोटो काढणारा.” त्यानं फाईल म्हशीच्या पाठीवरच उघडली. “मला माणूस दिसला की माणूस लिहावा लागतो. मी आत आलो तेव्हा मला म्हैस दिसली. त्यानंतर मला ऐकू येईनासं झालं, धुळीनं होतं असं.” लिहिता लिहिता तो मोठ्यानं वाचत गेला. गोठा एक. म्हैस एक, प्रकृती उत्तम, दूध देत नाही. दार जनावराच्या मानानं अरुंद, आठ दिवसांत रुंद करणे. शिक्का उठला तेव्हा हानमची कातडी थरथरली आणि शहाताचीही.

जाताना दारात साहेब वळला. “दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. मी येईन किंवा दुसरा येईल. दुसऱ्याला ऐकू येत असेल. म्हैस इथं दिसली पाहिजे.”

त्याच दुपारी शहातानं पहार घेतली आणि स्वतःच्या घराची चौकट स्वतः फोडली. घर राहिलं होतं, दार गेलं. एवढ्या रुंद भोकाला बसेल असं दार करायचं तर लाकूड कुठून आणायचं, म्हणून इन्शिराहनं चादर टांगली. पलंग आत आला, अर्ध्या खोलीत. शाळेतून आलेली राविया उरलेल्या अर्ध्या खोलीतल्या हानमला बघून इतकी खूश झाली की रेकलीच. हानमनं उत्तर दिलं.

अंधार पडायच्या आत शहाता रोट्यांचं गाठोडं घेऊन हाग्गा नफूसाकडे गेला. म्हैस आमच्याकडेच राहू दे, म्हणाला, चारा माझा, शेण तुझं, तू दोन वेळा येऊन दूध काढ. हाग्गाला हा सौदा आवडला, आवडला म्हणजे तिनं शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, ठेव, पण जीव लावू नको. दूध आटत आलंय तिचं. मोठ्या ईदला कसायाला देणार आहे, त्यानं दोनदा विचारलंय.

मोठी ईद नऊ आठवड्यांवर होती. तपासणी तेरा. कालव्याच्या काठी शहाता तसाच उभा राहिला, डोक्यात एकवीस मजले, एक चादर आणि कसायाचा सुरा फिरत.

“हाग्गा,” अखेर तो म्हणाला, “म्हैस गाभण असली तर ईदला कापत नाहीत ना?”

“गाभण जनावर कोण कापतं? पण ती गाभण नाही.”

“होईल का?”

हाग्गानं त्याला खालपासून वर न्याहाळलं. “ते मला काय विचारतोस मेल्या, रेड्याला विचार.”

शहातानं मागं वळून आपल्या घराकडे पाहिलं. चादर वाऱ्यानं आत-बाहेर करत होती, आणि तिच्यामागून राविया आणि हानम दोघींच्या रेकण्याचा आवाज येत होता.

“बरसीममधला तो,” त्यानं घाबरत घाबरत विचारलं, “कुणाचा आहे?”