दोऱ्याच्या हातावर सुई नको

“मॅडम, मार्कर नॉर्मल आलाय ना? मग सकुबाईंना वॉर्डात हलवतो. बेड हवाय,” आयसीयूचे डॉक्टर फोनवर म्हणाले.

“अर्धा तास थांबा,” मी म्हटलं. “मला हा रिपोर्ट पटत नाहीये.”

त्या दुष्काळी वर्षांत शहर करमाडकडे पसरत चाललं होतं, आमच्या आयसीयूतले बेड मात्र तेवढेच. डॉक्टरांची घाई मला कळत होती. मी लॅब सांभाळायची.

सकुबाई पिशोरकडच्या. चाऱ्यासाठी मेंढरांमागे लांब फिरताना पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि संसर्ग रक्तातून अंगभर गेला. यालाच सेप्सिस म्हणतात. अशा पेशंटच्या फुफ्फुसांत अचानक पाणी भरू शकतं. फुफ्फुसाच्या पेशी दुखावल्या की एक प्रोटीन रक्तात उतरतं. ते वाढलं तर धोका आधीच ओळखता येतो. हाच तो मार्कर. टेस्ट आमच्याकडे नवीनच आली होती, आणि नव्या गोष्टीवर माझा पटकन विश्वास बसत नाही.

बाईंचा श्वास सकाळपासून वाढत होता आणि रिपोर्ट म्हणत होता, सगळं ठीक. मी आधी मशीनवर संशय घेतला. कंट्रोल, म्हणजे ठरलेल्या मापाचं सॅम्पल, लावून पाहिलं, बरोबर आलं. मग किटची तारीख पाहिली. लॅबमध्ये वापरत होतो त्या टँकरच्या पाण्यालाही दोष देऊन झाला. शेवटी त्याच वेळचं हिमोग्लोबिन पाहिलं. सकाळपेक्षा खूपच खाली, आणि रक्तस्राव कुठेच नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

रफीकभाई आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. त्यांना बोलावलं.

“ब्लड कुठल्या हाताचं घेतलं?”

“डाव्या.”

“आणि सलाईन?”

“तेही डाव्यालाच. उजव्या हाताला बिरोबाचा दोरा आहे, मॅडम. त्यांचा मुलगा म्हणाला, तिथं सुई नको. मन्नत का मामला, मी कशाला वाद घालू?”

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं की त्यात सलाईन मिसळतं. सगळंच पातळ होतं, मार्करसुद्धा. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं भिडेपोटी ही चूक करावी, याचा मला भयंकर राग आला. त्यांना घेऊनच वर आयसीयूत गेले.

मुलगा आडवा आला. “त्या हाताला नाय टोचायचं, बाई. देवाचा दोरा हाय.”

सकुबाईंनी डोळे उघडले. “टोच, माय,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “देवाला सुईचं... कसलं भ्या?”

मुलगा बाजूला झाला. दोरा मनगटाला होता. रफीकभाईंनी कोपरापाशी रक्त घेतलं. या वेळी मार्कर कितीतरी पटींनी जास्त निघाला. डॉक्टरांनी बेड राखला. संध्याकाळी ऑक्सिजन घसरला तेव्हा व्हेंटिलेटर शेजारीच तयार होता. वॉर्डात त्या वाचल्या नसत्या. पुढं तीन आठवड्यांनी चालत घरी गेल्या.

मशीन, किट, टँकर, सगळ्यांवर मी संशय घेतला. ज्यांचा हात होता, त्यांना मात्र तोवर आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.