सेकंदकाकांचा चिमटा

घड्याळजींना गल्लीत सगळे सेकंदकाका म्हणत. त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त होता. त्यांच्या दुकानाचं शटर नऊला वर जायचं म्हणजे नऊलाच, आणि त्या खडखडाटावर अर्धी गल्ली आपली घड्याळं लावायची. मुलगा गेला त्या आठवड्यात दुकान बंद राहिलं, तर तिघांची बस चुकली. तिघंही भेटायला आले आणि त्यातल्या एकाने बसचं सांगितलंसुद्धा. माणसं वाईट नसतात, त्यांना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, एवढंच.

मुलगा सव्वीस वर्षांचा होता. औषधांच्या गोदामात कामाला, आणि बापाच्या अगदी उलट. आयुष्यात कुठे वेळेवर पोचला नाही. ट्रक ज्या वळणावर आला तिथे मात्र बरोबर वेळेवर पोचला, असं सेकंदकाकांच्या मनात येई आणि मग तसं मनात आल्याबद्दल ते दिवसभर स्वतःवर चिडून असत.

त्याला न्यूट पाळायचे होते. न्यूट म्हणजे दिसायला पालीसारखा, कुळाने बेडकाचा भाऊबंद, पाण्यात राहणारा बोटभर जीव. "भिंतीवर फुकटच्या पाली आहेत, त्या पाळ," आई म्हणाली होती. तो हसला आणि मोटरसायकल काढून काचेची टाकी आणायला गेला. टाकी त्याने जुन्या गोधडीत गुंडाळून मागे बांधली होती. ती घरी आली. तिला ओरखडाही नव्हता.

सेकंदकाकांच्या बायकोने टाकी माळ्यावर टाकली. दीड महिन्याने फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला जीवशास्त्राचे एक निवृत्त सर होते, ते घरी न्यूटांची पैदास करत.

"तुमच्या मुलाने सांगून ठेवलेली पिल्लं तयार आहेत," सर म्हणाले. "त्याला पाठवून द्या."

सेकंदकाका "हो" म्हणाले. मग दुपारी दुकान बंद करून स्वतःच गेले.

"मुलगा नाही आला?"

"नाही. आता येणार नाही."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि मास्तर माणसाला काही सुचलं नाही की तो जे करतो ते त्यांनी केलं. "लिहून घ्या," म्हणाले.

नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, मगच टाकीत. टाकीवर ऊन नको. "आणि खाण्याचं नीट ऐका. यांना पडलेलं अन्न दिसत नाही असंच समजा. हललं तर ते अन्न, नाही तर दगड. लाल अळी चिमट्याने उचलायची आणि नाकासमोर हळू हलवायची. जागा नवीन आहे, दोन-तीन दिवस तोंड लावणार नाहीत. आठवड्यात लावलं नाही तर मला फोन करा. लहान आहेत, अंगात साठा नाही."

"चिमट्याचं काम आहे होय," सेकंदकाका म्हणाले. "मग काळजी नको. चाळीस वर्षं हात बसलाय."

डबा छातीशी धरून ते घरी आले तेव्हा दीड महिन्यात पहिल्यांदा आपल्याला काहीतरी जमण्यासारखं आहे असं त्यांना वाटत होतं.

माळ्यावरून टाकी काढताना बायको दारात उभी होती.

"ही टाकी डोळ्यासमोर नको म्हटलं होतं मी."

"त्याने सांगून ठेवले होते. परत कसे करायचे?"

"माणसं परत येत नाहीत, पाली परत करायला काय होतंय?"

त्यांनी टाकी पुसायला घेतली. ती आतल्या खोलीत गेली. शिंप्याकडून येणाऱ्या शर्टांना काज-बटण करायचं तिचं काम होतं. तिच्या खुर्चीतून खिडकीजवळचं टेबल सरळ दिसे. दार तिने लावलं नाही. एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते तिच्याकडे बघून कळत होतं.

पिल्लं चार होती. काडेपेटीतल्या काडीएवढी, पाठ काळी, पोट नारिंगी. सकाळी साडेआठला आणि दुपारी जेवायला घरी आलं की एकला, सेकंदकाका टेबलाशी बसत. दुकानातला आपला सगळ्यात बारीक चिमटा ते रोज बरोबर नेत-आणत. ज्याने केसापेक्षा नाजूक स्प्रिंग उचलायची तो. आणि चिमट्याबरोबर जे असतं तेही येई, कारण कारागिराचं हत्यार कधी एकटं येत नाही. डोळ्याला भिंग लावून ते अळी उचलत आणि नाकासमोर अशी डोलवत की वाटावं, अळीला तालीम दिली आहे.

पिल्लं तोंड फिरवत.

तिसऱ्या दिवशी एक जण पुढे आला. मान तिरकी केली, जबडा उघडला, आणि एकदम मागे सरकून पुढच्या पायाने तोंड पुसायला लागला.

"बघ, भूक चाळवलीय त्याची," सेकंदकाका आतल्या खोलीला उद्देशून म्हणाले. "उद्या खाईल."

आतून सुई टोचल्याचा बारीक आवाज आला. मग ती म्हणाली, "पोराला कधी असं समोर बसून भरवलं नाहीत."

खरं होतं. पोरगा भरवण्याच्या वयाचा होता तेव्हा दुकान नऊला उघडायचं होतं.

सहाव्या दिवशी एक पिल्लू उताणं तरंगत होतं. नारिंगी पोट वर. "एक गेला," ते म्हणाले. तिने दाताने दोरा तोडला. आठव्या दिवशी त्यांनी सरांना फोन केला. सरांनी पाणी विचारलं, ऊन विचारलं, अळ्या जिवंत आहेत का विचारलं. सगळं जसं सांगितलं तसंच होतं.

"चिमटा स्वच्छ असतो ना?"

"सर, माझ्या चिमट्याइतकं स्वच्छ या गावात दुसरं काही नसेल."

यात तसूभरही खोटं नव्हतं. नवव्या दिवशी दुसरं गेलं. अकराव्या दिवशी सकाळी तिसरं दगडावर पडलेलं दिसलं, टोकरलं तरी हललं नाही. राहिलं एक. तेही कोपऱ्यात शेपूट गुंडाळून बसलं होतं, बरगड्या मोजता येतील असं. सेकंदकाकांनी चिमटा घेतला.

"तो बाटलीत कशाला बुडवता?"

बायको दारात उभी होती. हातात अर्धं काज केलेला शर्ट.

"कुठल्या बाटलीत?"

तिने बोट दाखवलं. त्यांच्या उजव्या हाताशी रुंद तोंडाची लहान बाटली होती. पेट्रोलची. शेजारी घडी घातलेलं फडकं. चाळीस वर्षं प्रत्येक उचलीआधी चिमट्याचं टोक स्वच्छ करायला पेट्रोलमध्ये बुडवायचं, फडक्याला टेकवायचं आणि मगच घड्याळाच्या पोटात घालायचं. पापणी लवते तसं. आत्ताही टोक ओलं होतं, आणि ते आपण कधी बुडवलं हे त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी चिमटा नाकाशी धरला. कसलाच वास आला नाही. त्यांच्या नाकाला तो वास म्हणजेच हवा होती.

"तू कधी बघितलंस हे?"

"पहिल्या दिवशी."

ते वळले.

"पहिल्या दिवशी वाटलं, तुमच्या धंद्यातलं काही असेल, मी कशाला बोलू," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तो तोंड पुसायला लागला तेव्हा कळलं."

"आणि बोलली नाहीस."

"नाही." सुई तिने शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली. "म्हटलं, मरू देत. यांच्यापायी गेला तो."

तिच्यावर भडकायला सेकंदकाकांनी तोंड उघडलं. पण हातात ओला चिमटा होता. त्यांनी तो फडक्यावर ठेवला.

"मग आज का सांगितलंस?"

"एकच राहिला म्हणून."

त्यांनी हात साबणाने तीनदा धुतले, टाकीतलं पाणी उपसलं, दगड घासले आणि बादलीतलं कालचं पाणी ओतलं. तिने रिळावरचा कोरा दोरा हातभर तोडला, पाण्यात भिजवला, बोटांच्या चिमटीत अळी धरली आणि तिच्या मधोमध सैल फास घातला. काजाची गाठ घालणारी बोटं ती, अळी चिरडली नाही. दोरा पाण्यात सोडला. अळी आपली आपणच वळवळत होती, डोलवायची गरज नव्हती.

पिल्लू हललं नाही. ती खुर्ची ओढून बसली. ते उभे राहिले. भिंतीवर नऊ वाजले. खालून गल्लीतून कुणीतरी विचारलं, "काका, वाजले का हो?" मग थोड्या वेळाने, "आजारी आहेत की काय?" नऊ वाजून दहा. तिचा हात अवघडला तेव्हा तिने कोपर टेबलाला टेकवलं. दोरा ढळू दिला नाही.

सव्वानऊनंतर कधीतरी पिल्लाने मान तिरकी केली. दोऱ्याला झटका बसला. तिने दोरा वर घेतला तेव्हा फास रिकामा होता.

"खाल्लं," ते म्हणाले.

"हं." तिने दोरा बोटाला गुंडाळला. "ते दोघं कुठे टाकलेत?"

"मागच्या कुंडीत."

"तिसऱ्यालाही तिथेच ठेवा. चिमट्याने नको, हाताने उचला." ती उठली. "यापुढे याला मी घालीन. तुम्ही पाणी बघा. आणि यावरून मला बरं वाटलं असं काही समजू नका."

"नाही समजत."

तिने पेट्रोलच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली माळ्यावर टाकी होती त्या जागी ठेवली, आणि आत जाऊन शर्ट हातात घेतला.

त्या दिवशी शटर दहाला वर गेलं. पहिलं गिऱ्हाईक मनगटी घड्याळ घेऊन आलं, रोज चार मिनिटं मागे पडत होतं. सेकंदकाकांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, चिमटा उचलला. उजवा हात आपोआप बाजूला गेला, बाटली नव्हती त्या जागी हवेत बुडाला आणि वर आला.

त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि हाताकडे बघत बसले.

"काका, उद्या येऊ का?" गिऱ्हाईक म्हणालं.

"बसा," ते म्हणाले. "आज वेळ लागेल."