डबीवाला आणि सरळ रेघ

प्रयोगशाळेत त्याला सगळे डबीवाला म्हणत. संशोधनाचं तिसरं वर्ष चालू होतं, प्रबंधाचं पहिलं पान अजून कोरं होतं, पण खोलीत त्याने स्वतःच्या हाताने बनवलेल्या अकरा डब्या होत्या. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, आत एक चिप आणि चार तारा, बाहेरून चिकटपट्टी. एक डबी दोरीवरचे कपडे वाळले की फोनवर निरोप धाडायची. 'अरे, हात लावूनही कळतं की,' असं कुणी म्हणालं, की हा म्हणे, 'कळतं. पण त्यासाठी उठावं लागतं.' दुसरी डबी गजराची. खोलीत चाळीस पावलं चालल्याशिवाय ती गप्प बसत नसे. तिसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या झोपेतच चाळीस पावलं टाकून परत अंथरुणात शिरायला शिकला. माणूस यंत्राला शिकवतो की यंत्र माणसाला, यावर तो चहा संपेपर्यंत बोलू शकत असे. समोरच्याचाही.

त्यातली सगळ्यात लाडकी डबी पाणी तापवायच्या हीटरची. एकदा वीज गेली, तो हीटर तसाच सोडून बाहेर पडला, वीज आली आणि रिकाम्या बादलीचं बूड वितळून फरशीला चिकटलं. तेव्हापासून त्या डबीला त्याची सक्त ताकीद होती: वीज गेली की बंद व्हायचं, आणि परत आली तरी कुणी येऊन बटण दाबेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. डबी कमालीची आज्ञाधारक होती.

प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशीला त्याने अशीच एक डबी बसवली. उणे ऐंशी म्हणजे कोपऱ्यातला कपाटाएवढा फ्रीझर. आत उणे ऐंशी अंश, म्हणून तेच त्याचं नाव. म्हातारा झाला होता. दारावरचे आकडे विझले होते, धोक्याची घंटाही मुकी झाली होती. डबीवाल्याने भिंतीतला प्लग आणि फ्रीझर यांच्यामध्ये डबी घातली, तापमान मोजायची तार आत सोडली, आणि दर पाच मिनिटांचा आकडा फोनवर यायला लागला. मार्गदर्शक सर खूश. नाखूश एकटी आजी.

आजी वयाने नव्हे, प्रबंधाने. बत्तीस वर्षांची होती, पण संशोधनाचं सहावं वर्ष, म्हणून हे नाव. चार हंगाम रानोमाळ हिंडून तिने झाडांची पानं गोळा केली होती, त्यांचा रस चारशे बारा नळ्यांत भरून उणे ऐंशीत ठेवला होता. तीन हंगामांची मोजणी झाली होती. चौथ्याची सोमवारी सुरू व्हायची होती. ती झाली की प्रबंध सादर, आणि आजीची सुटका.

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, डबीवाला ताईकडे जेवायला गेला होता. ताई त्याची थोरली बहीण, इस्पितळात नर्स. ताट समोर, आणि याचे डोळे फोनमध्ये.

"काय एवढं कौतुकाने बघतोयस? मुलगी आहे का?"

"फ्रीझर आहे."

"वाटलंच. बघू तरी, दिसायला कसा आहे."

त्याने फोन पुढे केला. ताईने भाजीचा हात बाजूला धरून मान वाकवली. आलेख डावीकडून करवतीच्या दातांसारखा वरखाली होत आला होता, आणि मग एका जागेपासून सरळ. पट्टी ठेवून मारल्यासारखा.

"इथून पुढे काय झालं रे?"

"काही झालं नाही. उणे ऐंशी. एकदम स्थिर."

"म्हणूनच विचारतेय. वॉर्डात तापाच्या तक्त्यावर अशी रेघ दिसली ना, की आम्ही पेशंटला सोडतो आणि आधी नर्सला गाठतो. तापमापक न लावताच आकडे भरलेले असतात. जिवंत माणसाचा ताप असा सरळ राहत नाही."

तो हसला. हसू निम्म्यावर थांबलं.

दोन महिन्यांपूर्वी सरांसमोर आलेख मांडायचा होता. वायफाय रुसलं की मधले आकडे येत नसत, आलेखात खिंडारं पडत. 'हे दात पडल्यासारखं काय दिसतंय?' असं सर म्हणतील म्हणून त्याने फोनला एका ओळीत शिकवलं होतं, की नवा आकडा आला नाही तर मागचाच परत लिही. ती ओळ काढायची राहून गेली होती.

सरळ रेघ सुरू झाली होती पहाटे पाच वीसला. आता दीड वाजत आला होता.

"ताई, डबी बोलतच नाहीये. आकडे फोनच लिहितोय."

"म्हणजे?"

"स्कूटरची किल्ली दे."

"तू चालवू नकोस. मागे बस."

सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा तो मनातल्या मनात स्वतःची समजूत घालत होता. वायफाय गेलं असेल. वायफाय गेलं तर फ्रीझरला काय त्याचं? तो चालूच असणार. वीज गेली असेल, तरी परत आली असणार, आणि वीज आली की... फ्रीझरच्या डबीसाठी त्याने नवं काही लिहिलंच नव्हतं. हीटरच्या डबीतलं सगळं जसंच्या तसं उचलून ठेवलं होतं. ताकिदीसकट.

"ताई, हिरवा झाला. चल ना!"

"दिसतंय मला. पुढचा ट्रक काय तुझ्या धाकाने उडून जाणार आहे?"

फाटकावरच्या रखवालदाराने वही पुढे सरकवली. सही करता करता त्याने विचारलं, "काका, पहाटे वीज गेली होती का?"

"गेली होती की. वीसेक मिनिटं. लगेच आली, काही काळजी करू नका."

जिना तो दोन-दोन पायऱ्या घेत चढला. दार उघडलं, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं, तर शांतता. उणे ऐंशी रात्रंदिवस घरघरत असे. त्या घरघरीवर सगळे वैतागलेले असत. आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. प्लगपाशी डबीचा बारका लाल दिवा लुकलुकत होता. बटण दाबायला कुणीतरी येईल, याची ती आठ तास निमूट वाट बघत होती.

त्याने बटण दाबलं. फ्रीझर खाकरला, थरथरला आणि घरघरायला लागला. एक वाजून पन्नास मिनिटं.

फोनवर पहिला खरा आकडा आला: उणे एकतीस.

पण ती तार होती दारापाशी, जरा वरच्या बाजूला. नळ्या खोल आत, खालच्या कप्प्यात. तिथे कदाचित बरंच थंड असेल. कदाचित नसेल. रात्रीपर्यंत फ्रीझर परत उणे ऐंशीला पोचला असता. आलेखात एक उंच टेकडी दिसली असती, पण आलेख बघतो कोण? तोच. उद्या सकाळी आजीने दार उघडलं असतं, नळ्या काढल्या असत्या, मोजणी केली असती. आकडे आलेच असते काहीतरी. आकडे काय, नेहमीच येतात.

ताई दारातच उभी होती. तिने हेल्मेटही काढलं नव्हतं.

"कुणाचं आहे त्यात?"

"आजीचं."

"जवळ राहते का ती?"

त्याने बराच वेळ फोनकडे बघितलं. मग लावला.

आजी पंधरा मिनिटांत आली. घरच्या चपला, ओले केस. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"बंद कधी?"

"पाच वीस."

"चालू?"

"एक पन्नास. आजी, मी हीटरचा प्रोग्राम..."

"ते नंतर."

तिने जाड हातमोजे चढवले, दार उघडलं, खालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि आपल्या खोक्यामागून तीन नळ्या काढल्या. तिन्ही उलट्या ठेवलेल्या. दार लगेच लावून घेतलं.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"याची डबी बसली त्याच दिवशी ठेवल्या होत्या. नळी उभी गोठवायची आणि मग उलटी करायची. गोठलेली असेल तोवर बर्फ वर बुडाला चिकटून राहतो. एकदा का वितळला, की खाली झाकणात उतरतो, आणि परत गोठला तरी चोरी लपत नाही. एकीत साधं पाणी आहे, दुसरीत मिठाचं. तिसरीत अल्कोहोल मिसळलंय, ते उणे चाळिशीच्या आसपास वितळतं." मग डबीवाल्याकडे न बघताच म्हणाली, "तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. माझा कुणावरच नसतो."

पहिली नळी तिने उजेडात धरली. बर्फ वर. दुसरीतही वर. तिसरी धरली आणि तशीच धरून राहिली. निळसर द्रव झाकणात उतरला होता.

फ्रीझरच तेवढा घरघरत होता.

"रस उणे चाळिशीच्या वर गेला की माझ्या उपयोगाचा नाही," ती म्हणाली. "चौथा हंगाम गेला. पुढच्या पानांपर्यंत थांबायचं." मग हातमोजे काढत म्हणाली, "म्हणजे आता पणजी म्हणा मला."

तो हसला नाही. ती हसली, पण ओठांनीच. डोळे तिसऱ्या नळीवर होते.

"आजी, मी येईन तुझ्याबरोबर. पानं गोळा करायला. सगळा हंगाम."

"येशीलच. विचारतंय कोण तुला! आणि डबी आणायची नाही. आधी सांग, सरांना कोण कळवणार?"

"मी."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन कानाला लावला. तिकडे तीनदा वाजला. ताईने एकदाचं हेल्मेट काढलं.

"सर, नमस्कार. रविवारी त्रास देतोय. आज पहाटे इथे वीज गेली होती, आणि त्यामुळे फ्रीझर..."

आजी नळी हातात धरून नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

तो थांबला.

"नाही सर. वीज वीसच मिनिटं गेली होती. पुढचे आठ तास माझ्यामुळे."