उमसुनायची बोटं

डोंगरातल्या नारीन नदीच्या वरच्या अंगाला कुण्या बाळंतिणीच्या छातीत दूध गोठलं की बोलावणं उमसुनायला यायचं. मेंढीच्या शेपटाची चरबी कोमट करायची, चोळायची, लाकडी कंगव्यानं वरून खाली विंचरायचं. रीत तिच्या आईची. हात जड, तोंड त्याहून जड. "रडतीस काय गं? घोडी पिळताना घोडी रडती व्हय?" असं म्हणत ती गाठ विरवायची. एकदा घोडीनं लाथ घालून तिची बरगडी मोडली, तर बाई उरलेली धार काढूनच उठली होती.

सत्तरी ओलांडल्यावर तिच्याच उजव्या छातीत खडा लागला, आणि ही दांडगी बाई भ्याली. मुलगा तालाय लगोलग गाडी ठरवून आला. "म्हातारपणाचं दुखणं, हयगय नको." सोबतीला सून मीरगुल, तिच्या कडेवर अंगावर पिणारं पोर. शहराच्या वाटेवर डोलोनची खिंड चढताना उमसुनाय मनात आपल्या मयताच्या जेवणाची मांडामांड करत होती. कुठली घोडी कापायची, कुणापुढं कुठलं हाड वाढायचं.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईनं गाठीत सुई घालून तुकडा काढला. निकाल घेऊन ती समोर बसली आणि आईला हाक मारावी तशी म्हणाली,

"एने, तुमची गाठ तुमच्यासारखीच म्हातारी. सावकाश चालणारी. अंगातल्या हार्मोनवर जगते. तो अडवायला गोळी आहे, पुढं कापून काढू."

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"मराल की. बहुतेक दुसऱ्या कशानं."

उमसुनाय खदखदून हसली. "वय झालं म्हणून भ्याले बघा. तरण्या बाईला झाली असती तर काळजी नव्हती. ताजं रक्त, लगेच विरली असती."

डॉक्टरीणबाई हसायची थांबली. "उलट आहे, एने. नेहमी नाही, पण तरण्या बायांची गाठ पुष्कळदा निराळ्या जातीची निघते. हार्मोनवाचून वाढते, या गोळीला जुमानत नाही, आणि पळते. त्यात पोर अंगावर असलं की सगळ्यांना वाटतं, दूधच गोठलंय."

उमसुनायला सून आठवली. मीरगुलची डावी बाजू. बर्फ वितळल्यापासून उमसुनायच तिथली गाठ चोळत होती. दुधाची गाठ दोन-चार दिवसांत मऊ पडते. ही पडली नव्हती. बोटांना ते कधीच कळलं होतं, हिनं बोटांना गप्प बसवलं होतं. 'तरणं अंग हाय, विरंल.' आणि सासू आजारी असताना आपलं दुखणं पुढं काढणारी सून त्या गावात अजून निपजायची होती.

ती बाहेर बाकाशी गेली. "ऊठ. आत चल. छाती दाखव बाईला."

मीरगुल लाजेनं लाल झाली. "एने! तुमच्या आजारपणात माझं काय मधीच? घरी काय म्हणतील?"

"म्हणणाऱ्याच्या तोंडात शेण. ऊठ म्हणते न्हवं!"

दंडाला धरून तिनं सुनेला आत ओढलं. पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

डॉक्टरीणबाई बोलत बोलत चाचपत होती. तिची बोटं काखेत गेली आणि तिथंच थांबली.

"कधीपासून आहे?"

मीरगुलनं सासूकडं पाहिलं.

"बर्फ वितळल्यापासनं," उमसुनाय म्हणाली. "मीच चोळत हुते."

निकाल आला तो पळणाऱ्या जातीचाच. "अशा गाठीला सलाइनमधलं औषध कधी कधी फार चांगलं लागूही पडतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. पोराचं अंगावरचं दूध तोडलं. उमसुनाय रोज चहाबरोबर आपली गोळी गिळायची, आणि सुनेच्या वाटचं खाल्ल्यागत ती घशात अडकायची.

दुसरी सलाइन झाल्यावर मीरगुल घरी आली. डोक्याला रुमाल, आत केस नाहीत. चुलीपाशी दोघीच होत्या.

"एने, बघा की चाचपून. कमी झाली का?"

"डॉक्टरीण बघंल."

"तुम्ही बघा."

उमसुनायनं हात चुलीच्या धगीवर धरला. मग तिनं तो सुनेच्या छातीवर ठेवला. गाठ बारीक झाल्यागत लागली. पण बारीक झाली होती, की तिच्या बोटांना तशी हवी होती? तिनं परत चाचपलं. परत तसंच.

"काय लागतंय, एने?"

"बोलू नगंस," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा चाचपू लागली.