वाट बघणाऱ्या आईचे तीन प्रयोग

नाटकाचा ग्रुप मोडला की मागे फक्त किस्से उरतात, आणि ते दर वर्षी वाढतच जातात! दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांतला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा आमचा मराठी ग्रुप आता पार पांगलाय. पण कोणाचाही फोन आला की गाडी हमखास त्या आफ्रिकान्स नाटकावर येते. मग फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटतं.

*

ते नाटक आम्हाला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मिळालं. हानेस माझ्या टीममध्ये सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा, मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या एका खेड्यातला. त्यांच्या चर्च हॉलमध्ये दर वर्षी होणारं नाटक तो माझ्या डब्यातली पोळी खात सांगत होता. मुलगा शेत सोडून शहरात जातो, आई व्हरांड्यात वाट बघत बसते, मुलगा येत नाही. बस, एवढंच! गावात आईचं काम हानेसची आईच करायची.

शेजारी बसलेला आमचा दिग्दर्शक शिरीष ओरडला, "अरे, हे तर आपलंच नाटक आहे!"

"नो, नो. आमचंच आहे," हानेस म्हणाला आणि शेवटची पोळीही त्याने उचलली.

*

नाटक आम्ही मराठीत उतरवलं, पण आईचं काम करायला कोणी तयार होईना. सगळ्यांना प्रेयसी व्हायचं होतं, आणि नाटकात प्रेयसीच नव्हती! शेवटी बर्मिंगहॅमच्या डॉक्टर सुमतीताई तयार झाल्या. त्यांची सगळी हयात इथल्या हॉस्पिटलात गेलेली.

शिरीषने भीत भीत विचारलं, "ताई, वाट बघण्याचा अभिनय जमेल ना?"

"माझी आई नागपूरला जन्मभर तेच करत होती. तिची नक्कल करीन," ताई म्हणाल्या.

*

पहिला प्रयोग मिल्टन कीन्सला. तिसरी घंटा झाली तरी मुलाचं काम करणारा मंदार वाट चुकून कुठल्या तरी राउंडअबाउटच्या चौकात गाडी गोल गोल फिरवतोय! पडदा उघडला. ताईंनी निरोपाचा अख्खा प्रवेश रिकाम्या विंगेकडे बघत एकटीने केला. लोक बेहद्द खूश! "मुलगा दाखवलाच नाही, काय प्रायोगिक आहे!"

आम्ही हसून हसून बेजार. हानेस मात्र हसला नाही. "मी निघालो तेव्हा आई दारापर्यंत आलीच नाही," तो म्हणाला. "रागावली होती. अजून फोनवर दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही." आमचा हा प्रयोग तिने एकदा समोर बसून बघावा, एवढीच त्याची इच्छा होती.

*

दुसरा प्रयोग बर्मिंगहॅमला. नाटकाच्या शेवटी आई बराच वेळ नुसती बसून राहते, एक शब्द नाही. पुढच्या रांगेतल्या एका काकांना ते सहन होईना. "अहो, बाई अडकल्यात! प्रॉम्प्ट करा की कोणीतरी!"

हानेसने शिरीषला विचारलं, "काय म्हणाले?"

"फार भिडलं म्हणाले."

*

तिसरा आणि शेवटचा प्रयोग मेडनहेडला. हानेसच्या बहिणीने बरीच समजूत घातल्यावर त्याची आई आठवडाभरासाठी आली होती. पुढच्या रांगेत ताठ बसलेली, मराठीचा गंध नाही, पण प्रत्येक वाक्याला ओठ हलत होते.

निरोपाच्या प्रवेशात ताईंनी मंदारच्या तळहातावर दही घातलं. मूळ नाटकात हे नाही. "मुलगा एवढ्या लांब निघालाय, दही न देता कसा पाठवू?" असं म्हणून ताईंनीच ते घुसडलेलं. आफ्रिकेतलं शेत, मराठी आई आणि ग्रीक योगर्ट!

प्रयोग संपल्यावर म्हातारी सरळ स्टेजवर आली. आता हिच्यासमोर आपली परीक्षा, म्हणून ताई सावरून उभ्या राहिल्या. तिने दह्याच्या वाटीकडे बोट दाखवून हानेसला काहीतरी विचारलं. त्याने हळू आवाजात सांगितलं की निघणाऱ्या माणसाच्या हातावर हे घालतात, नीट पोचावा आणि परत यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची फ्लाइट होती.

मग तिने हातातली पर्स स्टेजवरच्या खुर्चीत ठेवली आणि आपला उजवा तळहात हानेससमोर धरला.