तंगम टीचरांचं तांदळाचं ताट

"तामिळ का शिकायचंय तुमाला?" हा आदरणीय तंगम टीचरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. शहापूरच्या आमच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत, शनिवार-रविवारी त्यांचा वर्ग भरायचा. विद्यापीठाचा अर्धवेळ अभ्यासक्रम होता तो, तामिळ भाषा, साहित्य आणि संस्कृतीचा. मी खाली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वर गेलो होतो.

"साहित्याची आवड आहे," मी म्हणालो.

टीचरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग मी जिकडे पाहत होतो तिकडे पाहिलं. "बरं. साहित्य खिडकीपाशी बसलंय. तुमी दाराजवळ बसा."

सगळा वर्ग हसला. खिडकीपाशी बसलेली सेल्वी हसली नाही. माझं पित्त खवळलं होतं, उठून निघून जाणार होतो. पण टीचर तोवर फळ्याकडे वळल्या होत्या, आणि ज्यांनी आपल्याला पुरतं ओळखलंय त्यांच्यावर रागावून करायचं काय, तेही कळेना. मग बसलो.

टीचरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत असताना निघणाऱ्या या ग्रंथात पदवीधरांनी लिहावं, अभ्यासकांनी लिहावं. मी अर्ध्यातून वर्ग सोडलेला आणि त्याच्यापाठोपाठ कॉलेजही सोडलेला माणूस. पण गौरव समितीचे काशिनाथकाका ऐकेनात. काका भातसानगरच्या वसाहतीत टीचरांचे शेजारी होते आणि निवृत्तीनंतर आमच्यासोबत त्याच वर्गात बसायचे. म्हणाले, "पास झालेल्यांनी काय लिवायचं ते लिवलंय रे. जो सुटला त्यानं पन लिवावं ना. त्याला जास्त आठवतं." म्हणून हा लेख.

टीचरांचं माहेर तंजावूरकडचं. त्यांचे यजमान भातसा धरणाच्या दारांवर मेकॅनिक होते, त्यांच्यासोबत लग्न होऊन त्या भातसानगरला आल्या. मराठी त्या कुठल्या पुस्तकातून शिकल्या नाहीत. वसाहतीतल्या बायकांकडून, भाजी विकायला येणाऱ्या मावश्यांकडून शिकल्या. म्हणून त्यांच्या तोंडी आजही 'नाय', 'आमी', 'तुमी' असतं आणि त्यावर तामिळचा हेल. शाळकरी पोरालाही त्या 'तुमी'च म्हणतात. मला 'तंबी' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. वसाहतीत मुलं मोठी करता करता त्यांनी एम.ए. केलं, पुढे विद्यापीठाने हा वर्ग दिला, आणि यजमान निवृत्त झाल्यावर गावी परत न जाता त्यांनी शहापुरातच घर बांधलं. का नाही गेल्या, असं कोणी विचारलं की म्हणतात, "वर्ग कोण घेणार?" त्यांच्या आयुष्यातली ही एकच काळजी मी पाहिली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

आता सेल्वीबद्दल लिहायला हवं, नाहीतर मी वर्गात का होतो तेच कळणार नाही. तिचे वडील पेरियसामी कसाऱ्याजवळ रस्त्याच्या कामावर फोरमन होते. ती वाढली इथेच आणि शिकली मराठी शाळेत. एकदा झेरॉक्सच्या दुकानात मी तिला विचारलं, काय शिकतेस? म्हणाली, तामिळ. मी म्हटलं, "ते तर तुला येतंच की!" तर म्हणाली, "बोलता येतं. आजीनं पाठवलेलं कार्ड वाचता नाय येत." एवढंच बोलणं. पुढच्या शनिवारी मी वर्गात होतो.

टीचरांची शिकवण्याची रीत अशी, की पहिल्या दिवशी वही काढायची नाही. प्रत्येकाने आपल्या घरचे मूठभर तांदूळ आणायचे. ते सगळे एका परातीत एकत्र करायचे, मग प्रत्येकाच्या पुढ्यात ताट ठेवून त्यात पसरायचे आणि बोटाने अक्षर काढायचं. त्यांच्याकडे लहान मुलाला पहिलं अक्षर असंच शिकवतात. वर्ग संपला की ते तांदूळ टीचर घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच मिरी-तुपातला पोंगल, म्हणजे त्यांच्याकडची मऊ खिचडी, करून आणत. "आपण काढलेलं अक्षर आपणच खायचं. म्हणजे पोटात राहतं," म्हणायच्या.

मी उशिरा आलेला, म्हणून माझ्या एकट्यासाठी त्यांनी पुढच्या शनिवारी पुन्हा ताट मांडलं. मी घरचा तांदूळ नेला होता, सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या खाचरातला. टीचर म्हणाल्या, "काढा कुठलंही एक अक्षर." मी अक्षर काढलं नाही. आठवडाभर मोबाइलवर बघून घोकलेलं नाव काढलं. सेल्वी.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे तांदळाच्या ताटात मुलीचं नाव एकदाच लिहितात, लग्नानंतर, नवरा लिहितो, अंगठीने. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पण काशिनाथकाका डोकावले आणि ओरडले, "आरं बाबा! अंगठी कुठंय? आन वऱ्हाड जेवल्याबिगर परत लावतो का काय?"

हसून हसून खोली दणाणली. माझे कान तापले. सेल्वी उठून आली, ताटात बघितलं आणि म्हणाली, "चुकलंय."

"तुला कुठं लिहिता येतं?"

"नाय येत. पन हे चुकलंय एवढं कळतं."

फक्त टीचर हसल्या नाहीत. त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवलं, तांदूळ सपाट झाले. म्हणाल्या, "तुमच्यात हे लग्नाचं, आमच्यात हे बाळाचं. आज आपण बाळ हाय. चला, दोघं पण बसा इथं." आणि एकाच ताटात, अर्ध्यात तिने आणि अर्ध्यात मी, पहिला स्वर गिरवला. टीचरांनी मला त्या दिवशी वर्गासमोर लाज वाटू दिली नाही, आणि सेल्वीलाही नाही. माणसाची अब्रू इतक्या साध्या हालचालीने वाचवता येते हे मी तिथे पाहिलं.

पुढे मी खरंच शिकू लागलो. साहित्य शिकवताना टीचर जे सांगत ते तर मला आजही कामात, खाचरात, एसटीत आठवतं. फार जुन्या तामिळ कवितेत प्रेमाची अवस्था सरळ सांगत नाहीत, जागेतून सांगतात. पाच प्रकारच्या जागा. डोंगर म्हणजे कुरिंजी, तिथे दोघं भेटतात. रान म्हणजे मुल्लै, तिथे वाट बघतात. भातशेती म्हणजे मरुदम, तिथे रुसवा आणि भांडण. किनारा म्हणजे नेय्दल, तिथे जीव कासावीस होतो. आणि पालै म्हणजे करपलेला मुलूख, तिथे ताटातूट. टीचर हे फळ्यावर शिकवत नसत. आम्हाला सिद्धगडाखाली घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ही तुमची कुरिंजी. वाटेत लागलं ते रान मुल्लै. आणि खाली मुरबाडची खाचरं, ती मरुदम. तिथं माणसं भांडतात."

"आमच्यात डोंगरावर पन भांडतात टीचर," काशिनाथकाका म्हणाले. "जागेचं काय नाय."

मी विचारलं, "आणि किनारा? समुद्र कुठाय आपल्याकडे?"

"भातसाचं पाणी हाय की. पुढच्या महिन्यात नेते. पालै त्याच्यानंतर."

त्या महिन्यात मी वर्गात नव्हतो.

झालं ते असं. कसाऱ्याचं काम संपत आलं, पेरियसामी गावी परतणार असं कळलं. मी टीचरांकडे गेलो आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता कसाऱ्याला जाऊन लग्नाचं बोलतो. टीचर म्हणाल्या, "तुमी नाय जायचं. त्यांना मी इथं बोलावते. तुमी फक्त वेळेवर या, आणि केस नीट करून या." एका रविवारी त्यांनी आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं. माझ्यासारख्या उनाड पोरासाठी स्वतःचा शब्द खर्च करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी जेवढं येत होतं तेवढं तामिळ बोललो. पेरियसामींनी विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, जेवलो, तुम्ही जेवलात का? ते खूश झाले. घर विचारलं, शेत विचारलं, आणि टीचरांकडे बघून मान डोलावली.

तेवढ्यात सेल्वी कॉफी घेऊन आली. पेला माझ्यापुढे ठेवला आणि मराठीत म्हणाली, सगळ्यांसमोर, "नीलेश, तू चांगला हायेस. पन मला नाय करायचं लग्न. मी आता कुठं वाचायला लागलेय. मला तिकडं जाऊन एम.ए. करायचंय. तुला राग येईल. येऊ दे."

काशिनाथकाका बाहेर येऊन मला म्हणाले, "पयल्यांदाच बघतोय मी. बाप पटला आन पोरगी नाय पटली." आज हसू येतं. तेव्हा नाही आलं.

ती गेली. तिकडे शिकली, नोकरीला लागली, नंतर लग्न केलं, असं टीचरांकडून कळलं. त्याबद्दल माझी आता तक्रार नाही. खंत वेगळीच आहे. सेल्वीसोबत मी भाषाही टाकून दिली. तो जिना चढायचा नाही असं ठरवलं, आणि खालचं कॉलेजही त्याच जिन्याचं, मग तेही सोडलं. मुरबाडला एका कारखान्यात लागलो. काका नंतर सांगत होते, भातसाला नेय्दल बघायला गेले तेव्हा टीचरांनी सगळ्यांना फाटकाशी बराच वेळ थांबवून ठेवलं. "तंबी येतील," म्हणत होत्या.

कॉलेज सोडल्यावर आमच्या घरी महिनाभर कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. अशा एका दुपारी टीचर एसटीने, पुढे पायी, आमच्या गावात येऊन उभ्या राहिल्या. आईला वाटलं, टीचर आता आपल्या पोराला चार शब्द सुनावणार.

"बाई, तुमी तरी सांगा ओ याला," आई म्हणाली. "भलता तापट हाय. आमचं कोनाचं नाय ऐकत."

"सांगायला नाय आले," टीचर म्हणाल्या. "तांदूळ मागायला आले. नवा वर्ग भरतोय. तुमच्या तांदळात अक्षर चांगलं उठतं."

आईने सूप भरून तांदूळ आणले. टीचर तिच्यासोबत ओटीवर बसून निवडत राहिल्या, तांदळाच्या भावाचं, म्हशीचं, पावसाचं बोलत राहिल्या. माझ्या कॉलेजचा विषय निघाला नाही. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमी आणून द्या. मला चढ जमत नाय."

तेव्हापासून दर वर्षी नवा वर्ग भरायच्या आधी मी शहापूरला त्यांच्या दारात तांदूळ पोचवतो. त्या आत बोलावतात. मी शिफ्ट आहे म्हणतो आणि उंबऱ्यातूनच परततो. कधी शिफ्ट असते, बहुतेकदा नसते.

टीचरांना आपल्यामागे वर्ग घेणारं माणूस हवं होतं, हे आपणा सर्वांना माहीत आहे. सेल्वी गेली, बाकीचे पास होऊन आपापल्या कामाला लागले. काकांनी मला अलीकडेच सांगितलं की टीचरांच्या मनात तेव्हा मी होतो. "इथल्या मातीतला पोरगा पायजे, तो टिकंल, असं म्हनायच्या," काका म्हणाले. हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. यंदा प्रवेश कमी म्हणून विद्यापीठाने इथला वर्ग बंद केला. ज्या खोलीत मी दाराजवळ बसायचो तिला कुलूप आहे.

मागच्या आठवड्यात टीचरांचा फोन आला. नेहमीचाच आवाज. "तंबी, या वर्षी तांदूळ कमी आणा. एकच ताट हाय."

मी विचारलं, "वर्ग तर बंद झाला ना टीचर? मग कोण हाय?"

"घरी घेणार. आलात तर तुमी. नाय आलात तर मी भात करून खाईन."

टीचरांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "मिरी हाय घरात, ती नका आणू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आईने परवा तांदूळ निवडून पिशवीत भरून ठेवले आहेत. मुळाक्षरंसुद्धा मी बरीच विसरलोय, पुन्हा पहिल्या स्वरापासून गिरवावं लागेल. आणि पाचांपैकी दोन मुलूख माझे टीचरांकडून शिकायचे राहिले आहेत. त्यातला शेवटचा, ताटातुटीचा पालै, मी माझा मीच थोडाफार पाहिला, पण तो त्यांनी कसा शिकवला असता ते मला माहीत नाही. म्हणून आपण सगळे मिळून टीचरांना जे आयुष्य आणि जे आरोग्य मागणार आहात, त्यात माझा स्वार्थ मिसळलेला आहे, हे लपवत नाही. त्यांचे गुडघे चालोत, डोळे चालोत, आवाजातला तो हेल असाच राहो. मी फार हळू शिकतो. त्यांनी खूप वर्षं जगायला हवं.